विजेच्या तारेवरून इंटरनेट : अमेरिकेतील ग्रामीण वीज सहकारी संस्थांचा अनुभव

ग्रामसभेत अगर शेतकरी मेळाव्यात इंटरनेटचा विषय निघाला म्हणजे एक प्रश्न हमखास विचारला जातो. विजेची तार घरात आली आहे, गोठ्यात आली आहे, विहिरीवरील मोटारीपर्यंतही पोचली आहे. मग त्याच तारेवरून इंटरनेट का आणू नये? वेगळी केबल कशाला, खोदाई कशाला, मनोरा कशाला?

हा प्रश्न भोळेपणाचा मुळीच नाही. नामांकित अभियंत्यांनी तो स्वतःस विचारलेला आहे, मोठमोठ्या कंपन्यांनी त्यावर पैसा घातलेला आहे, आणि अमेरिकेत तर सरकारच्या कृषी खात्याने त्यासाठी कर्जही दिलेले आहे. त्या प्रयत्नाचे पुढे काय झाले हे आपल्या ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे. "लाइटच्या तारेतून नेट देतो, प्रत्येक घरामागे अनामत भरा" असे सांगणारा कोणी उद्या ग्रामपंचायतीच्या दारात उभा राहिला, तर त्यास काय विचारावयाचे हे आधीच ठाऊक असलेले बरे.

तारेवरून निरोप

विजेच्या तारेवरून निरोप पाठविण्याची कल्पना शंभर वर्षांची जुनी आहे. उच्चदाबाच्या पारेषण वाहिनीवरूनच एका उपकेंद्राने दुसऱ्या उपकेंद्राशी बोलावयाचे, ही पद्धत १९२० नंतरच्या दशकात परदेशी रूढ झाली व पुढे आपल्या देशातही आली. एखाद्या मोठ्या उपकेंद्रावरून जाताना, आत शिरणाऱ्या तारेच्या वाटेवर पिंपाएवढे एक वेटोळे टांगलेले दिसते. पुष्कळांना ते कशासाठी असते हे माहीत नसते. तारेवरून आलेल्या निरोपाच्या लहरी उपकेंद्रातील इतर यंत्रांत शिरून वाया जाऊ नयेत, म्हणून त्यांना अडविण्याचे काम ते वेटोळे करते. वीज मात्र त्यातून सुखाने पुढे जाते.

हे शक्य होते याचे कारण सोपे आहे. आपल्या घरातील विजेची आवर्तने सेकंदास ५० असतात. निरोपाच्या लहरींची आवर्तने त्याहून कितीतरी जलद, सेकंदास हजारो अगर लाखो असतात. हवेतून एकाच वेळी अनेक नभोवाणी केंद्रांच्या लहरी येत असूनही आपला रेडिओ त्यांतून हवे ते केंद्र वेगळे काढतो. त्याचप्रमाणे एकाच तारेवरील वीज व निरोप ही दोन्ही योग्य यंत्राच्या साहाय्याने वेगळी करता येतात. वीजकेंद्रांच्या जुन्या पद्धतीत सेकंदास सुमारे ३० हजार ते ५ लाख आवर्तनांचा पट्टा वापरीत. बोलणे, बिघाडाची सूचना, बटण बंद करण्याचा हुकूम, एवढ्याला तो पुरेसा होता. इंटरनेटला तो पुरत नाही. चित्रे, चलच्चित्रे, बोलणे हे सारे अनेक घरांना एकाच वेळी पोचवावयाचे तर फार रुंद पट्टा लागतो. म्हणून या नव्या पद्धतीत २० लाखांपासून ३ कोटी आवर्तनांपर्यंतचा, काही ठिकाणी त्याहूनही वरचा पट्टा घेतला गेला. सगळ्या अडचणींचा उगम येथे आहे.

मातीचा पाट आणि बंद नळ

आपल्या वाचकांस ही अडचण पाटाच्या उपमेने चटकन समजेल. अस्तर न केलेल्या मातीच्या पाटातून पाणी सोडले तर ते वाटेत पाझरते, आणि पाट जितका लांब तितके शेवटच्या शेतकऱ्याच्या वाट्यास कमी येते. विजेची उघडी तार सावकाश आवर्तनांच्या विजेसाठी उत्तम नळ आहे, पण जलद लहरींसाठी ती मातीचा पाट आहे. लहरी तारेतून बाहेर हवेत गळतात. म्हणजेच तारेचा रेडिओच्या एरियलसारखा उपयोग होऊ लागतो. अंतर वाढले की लहरी क्षीण होतात आणि काही शे मीटरांवर खांबावर एक पेटी बसवून त्यांना पुन्हा जोर द्यावा लागतो.

पाझरलेले पाणी शेजाऱ्याच्या शेतात साचले तर तो जसा तक्रार करतो, तसेच येथेही होते. ज्या पट्ट्यात ही लहर गळते तो पट्टा मोकळा नसतो. लघुलहरींवरील नभोवाणी, हौशी रेडिओवाले, सैन्यदल, विमाने व जहाजे यांची बोलणी त्याच पट्ट्यात चालतात. त्यांना त्रास होऊ नये म्हणून तेवढा भाग वगळावा लागतो, आणि भाग वगळला की इंटरनेटचा वेग कमी होतो.

याहून मोठा अडथळा म्हणजे रोहित्र, ज्यास आपण सर्वजण डीपी म्हणतो. रोहित्राची रचना ५० आवर्तनांच्या विजेसाठी केलेली असते. जलद लहरी त्यातून नीट पार होत नाहीत. म्हणून ११ हजार व्होल्टच्या तारेवरून आलेली लहर रोहित्रास वळसा घालून घराकडील तारेवर सोडण्यासाठी प्रत्येक रोहित्रापाशी एक वेगळे यंत्र बसवावे लागते. एका रोहित्रावर शंभर घरे असतील तर त्या यंत्राचा खर्च शंभर ठिकाणी वाटला जाईल. एकच घर असेल तर तो सर्व एकट्यावर पडेल. या साध्या हिशेबाने एक अख्खी योजना बुडाली, ती हकिकत पुढे येते.

तिसरी गोष्ट गोंगाटाची. मोटारींचे स्टार्टर, इन्व्हर्टर, मोबाईलचे चार्जर, एलईडी दिवे ही सर्व यंत्रे तारेवर स्वतःची खरखर सोडतात. सैल जोड आणि तारेवर टाकलेले आकडे यांची गोष्ट आपल्याकडे निराळी सांगावयास नको.

मँचेस्टर आणि मनासस

१९९७ मध्ये इंग्लंडच्या वायव्य भागातील नॉरवेब ही वीज कंपनी व नॉर्टेल ही दूरसंचार यंत्रे बनविणारी कंपनी यांनी मिळून मँचेस्टर येथे विजेच्या तारेवरून इंटरनेट देण्याची घोषणा केली. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून मिळणाऱ्या वेगाच्या मानाने हा वेग कितीतरी पट अधिक होता व वर्तमानपत्रांतून त्याचा मोठा गाजावाजा झाला. दोनच वर्षांत, १९९९ मध्ये, तो उद्योग गुंडाळण्यात आला.

तरीही कल्पना मेली नाही. अमेरिकेत ऑक्टोबर २००४ मध्ये तेथील दळणवळण आयोगाने या पद्धतीसाठी नियम ठरवून दिले. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनीही जाहीर भाषणात तिचा पुरस्कार केला. व्हर्जिनिया राज्यातील मनासस हे पस्तीस हजारांवर वस्तीचे शहर. तेथील वीजपुरवठा नगरपालिकेच्याच ताब्यात. २००५ मध्ये या शहराने सर्व शहरभर तारेवरील इंटरनेट सुरू केले व त्याचे उदाहरण देशभर दिले जाऊ लागले. त्याच वेळी हौशी रेडिओवाल्यांच्या तक्रारीही सुरू झाल्या. त्यांची राष्ट्रीय संघटना न्यायालयात गेली. आयोगाने आपल्या तांत्रिक अभ्यासाचे काही भाग लोकांसमोर उघड केले नाहीत असे ठरवून न्यायालयाने २००८ मध्ये त्या नियमांतील काही मुद्दे पुनर्विचारासाठी परत पाठविले. दरम्यान टेलिफोन व केबल कंपन्यांनी आपला वेग वाढविला व दर उतरविले. २०१० च्या जुलैमध्ये मनाससने ही सेवा बंद केली तेव्हा तिचे ग्राहक सुमारे पाचशेच उरले होते.

शहरात पर्याय होते, म्हणून तेथे तोटा झाला तरी कोणी अंधारात राहिले नाही. खेड्यांची गोष्ट तशी नव्हती.

वीज सहकारी संस्थांची पैज

१९३५ च्या सुमारास अमेरिकेतील शहरांत दहापैकी नऊ घरांत वीज होती, तर शेतांवर दहापैकी जेमतेम एका घरात. खाजगी वीज कंपन्यांचे म्हणणे असे की, मैलामागे तीन-चार घरे असलेल्या मुलखात तार ओढणे परवडत नाही. मग राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने १९३५ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाचे खाते स्थापिले, १९३६ मध्ये कायदा झाला, आणि अल्प व्याजाच्या सरकारी कर्जावर शेतकऱ्यांनी आपल्या वीज सहकारी संस्था उभारल्या. विशीत शहरवासियांना मिळालेली वीज शेतकऱ्याच्या घरी चाळिशी-पन्नाशीत पोचली, ती या संस्थांमुळे. याच नमुन्यावर आपल्याकडे श्रीरामपूर परिसरात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था निघाली व ती २०११ पर्यंत वीज वाटीत होती, हे जुन्या वाचकांस आठवत असेल.

इंटरनेटच्या बाबतीत सत्तर वर्षांनी तोच प्रसंग पुन्हा उभा राहिला. टेलिफोन व केबल कंपन्या विरळ वस्तीकडे पाहीनात. तेव्हा या सहकारी संस्थांस वाटले, तार आपलीच आहे, खांब आपलेच आहेत, सभासद आपलेच आहेत. आपणच हे काम का करू नये? अलाबामा राज्यातील हंट्सव्हिल येथील आयबेक या कंपनीने त्यांच्यापुढे विजेच्या तारेवरील इंटरनेटची योजना मांडली. नोव्हेंबर २००८ मध्ये सुप्रसिद्ध आयबीएम कंपनीने ही यंत्रणा बसवून देण्यासाठी आयबेकशी ९६ लक्ष डॉलरचा करार केला. एकेकाळी विजेच्या तारांसाठी कर्ज देणारे खाते पुढे अमेरिकेच्या कृषी खात्यात सामील झालेले होते; त्या कृषी खात्याकडूनच आयबेकला अल्प व्याजाचे कर्जही मिळाले. अलाबामा, इंडियाना, व्हर्जिनिया आदी राज्यांतील अनेक संस्था यात सामील झाल्या. ज्या घरी टेलिफोनच्या तारेवर एक छायाचित्र उतरावयास काही मिनिटे लागत, त्या घरी ही सेवा म्हणजे मोठी सोय वाटली यात नवल नाही.

पण मघाचा रोहित्राचा हिशेब येथे आडवा आला. अमेरिकेच्या ग्रामीण भागात घरे एकमेकांपासून दूर असल्यामुळे घरोघरी किंवा दोन-तीन घरांमागे एक लहान रोहित्र खांबावर टांगलेले असते. म्हणजे जवळजवळ प्रत्येक ग्राहकामागे एक वळसा-यंत्र. त्याखेरीज वाटेत लहरींना जोर देणाऱ्या पेट्या. या पेट्या उघड्यावर, वीज कोसळते त्याच तारेला जोडलेल्या. वेग सुरुवातीस पुरेसा वाटला तरी जगाची गरज वर्षागणिक वाढत होती व तारेची ताकद तेवढीच राहिली होती. २७ एप्रिल २०११ रोजी अलाबामात भयंकर चक्रीवादळे झाली, खांब व तारा मोडून पडल्या आणि त्याबरोबर यंत्रणाही गेली. जानेवारी २०१२ मध्ये आयबेकने सेवा बंद करीत असल्याचे आपल्या ग्राहकांस कळविले व त्याचे मुख्य कारण म्हणून त्या वादळांकडे बोट दाखविले.

वादळ हे कारण खरे असेल. परंतु धष्टपुष्ट बैल एका उन्हाळ्याने मरत नाही. सेवेचा पाया भक्कम असता तर वीजतारांप्रमाणे तीही पुन्हा उभी राहिली असती. त्याच वादळात पडलेली वीज संस्थांनी पुन्हा सुरू केलीच.

तार नव्हे, खांब

या संस्थांनी पुढे काय केले, तो भाग मला सर्वांत बोधप्रद वाटतो. व्हर्जिनियात ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याशी असलेली सेंट्रल व्हर्जिनिया इलेक्ट्रिक कोऑपरेटिव्ह ही आयबेकबरोबर काम करणाऱ्या संस्थांपैकी एक. आयबेक बुडाल्यावर तिने कल्पना सोडली नाही, साधन बदलले. २०१८ मध्ये तिने 'फायरफ्लाय' नावाची उपकंपनी काढली व आपल्याच खांबांवरून सभासदांपर्यंत फायबर ओढण्यास प्रारंभ केला. फायरफ्लाय म्हणजे काजवा. अलाबामातील कलमन येथील संस्थाही अशाच मार्गाने फायबरकडे वळली.

फायबर हा केसाएवढा काचेचा धागा. त्यातून प्रकाशाच्या रूपाने निरोप जातो. तो बंद नळासारखा आहे; काही पाझरत नाही, कोणाच्या रेडिओत खरखर उठत नाही, आणि मोटार सुरू झाली म्हणून आतील निरोपास धक्का बसत नाही. धातूचा अंशही नसलेली फायबर केबल मिळते, ती विजेच्या तारेच्या खाली त्याच खांबावर टांगता येते. म्हणजे शेतकऱ्याच्या प्रश्नातील अर्धी गोष्ट खरीच ठरली. वीज आली आहे तेथवर इंटरनेटही येऊ शकते. मात्र उपयोगी पडतो तो खांब, ती वाट, त्या वाटेचा हक्क व ती वाट राखणारी संस्था, तार नव्हे.

आपल्याकडे उच्चदाबाच्या मनोऱ्यांवर सर्वांत वर जी भूतार असते, तिच्या पोटातच फायबर घालून पॉवरग्रिडने देशभर असे जाळे विणलेले आहे. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली, तीच पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या दुसऱ्या टप्प्यात जमिनीखालील केबलीबरोबर विजेच्या खांबांवरून केबल नेण्यासही वाव ठेवला गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित योजनेस १,३९,५७९ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. रस्तारुंदीत अगर नळयोजनेच्या चरात केबल तुटणे हे या कामातील नित्याचे दुखणे आहे. गावात जेसीबी लागण्यापूर्वी केबल कोठून गेली आहे याची चौकशी ग्रामपंचायतीने केली, तर पुष्कळ नुकसान टळेल.

आता कोणी विचारील की, आपल्याकडे गावठाणात एका डीपीवर पुष्कळ घरे असतात. मग अमेरिकेचा हिशेब आपणास का लावावा? शंका रास्त आहे. गावठाणापुरती ही अडचण कमी होईल हे खरे. परंतु शेतावर काय? उच्चदाब वितरण प्रणालीखाली २०१८ पासून आपल्या राज्यात एका-दोन कृषिपंपांस एक लहान रोहित्र देण्यात आले. पंपासाठी ही व्यवस्था चांगली. दाब टिकतो, मोटारी जळत नाहीत, आकड्यांस आळा बसतो. इंटरनेटच्या दृष्टीने मात्र ती नेमकी अमेरिकेची स्थिती होय. शिवाय शेतीच्या वाहिनीवर वीज ठराविक तासच असते, आणि खांबावरच्या पेट्या चालतात त्या त्याच विजेवर. ई-पीक पाहणीचे छायाचित्र बांधावरून पाठवावयाचे असेल, तर मोबाईलच्या मनोऱ्यावाचून आज गत्यंतर नाही.

जेथे तार खरोखर उपयोगी पडली

थोडाच निरोप पाठवावयाचा असेल तेथे तारेने फार चांगले काम दिले आहे. इटलीत २००१ पासून पाच-सहा वर्षांत एनेल या वीज कंपनीने सुमारे तीन कोटी घरांत असे मीटर बसविले की जे आपले वाचन विजेच्या तारेवरूनच कळवितात. फ्रान्समध्ये २०१५ ते २०२१ या काळात लिंकी नावाचे सुमारे साडेतीन कोटी मीटर बसले, त्यांचीही रीत हीच. मीटरचा निरोप म्हणजे काही आकडे. त्यासाठी लाखाच्याही आतील, सावकाश आवर्तनांचा अरुंद पट्टा पुरतो. तो फारसा गळत नाही, गोंगाटातही तग धरतो. तेथे एका रोहित्रावर अनेक घरे असल्याने रोहित्रापाशी एक संग्राहक यंत्र ठेवले की भागते; तेथून पुढे निरोप मोबाईलच्या जाळ्यावरून जातो. आपल्या शेतकऱ्याने पंपाला लावलेला मोबाईलचा ऑटो स्टार्टरही असाच दोन अक्षरांचा निरोप घेतो : चालू अगर बंद.

तेव्हा कोणी तारेवरील इंटरनेटची योजना घेऊन आला तर त्यास प्रथम विचारावे की लहर रोहित्राच्या पलीकडे कशी नेणार, त्या यंत्राचा खर्च कोणावर पडणार, आणि महावितरणची लेखी परवानगी कोठे आहे. वीज गेल्यावर सेवा चालेल काय, हेही विचारावे. खांबावर चढून काही जोडण्याचा उद्योग मात्र गावातील कोणत्याही तरुणाने, कितीही हुशार असला तरी, करू नये. ते काम वीज बंद करून, अधिकृत माणसानेच करावयाचे आहे.

घराच्या आत मात्र हीच युक्ती कोणासही वापरता येते, आणि ती पुष्कळांस ठाऊक नाही. जाड दगडी भिंतींच्या वाड्यात ओसरीवरील राउटरचे वायफाय मागल्या खोलीत पोचत नाही. अशा वेळी बाजारात मिळणारी पॉवरलाइन अडॅप्टरची जोडी घ्यावी. एक अडॅप्टर राउटरजवळच्या प्लगात लावून राउटरला जोडावा, दुसरा मागल्या खोलीत अगर त्याच मीटरवरील गोठ्यात लावावा. घरातील वायरिंग हीच मग त्यांची केबल होते. तीन फेजचे कनेक्शन असल्यास दोन्ही प्लग एकाच फेजवर असतील तर काम चांगले होते. अडॅप्टर इन्व्हर्टरच्या, स्टॅबिलायझरच्या किंवा सर्ज संरक्षक एक्स्टेन्शन बोर्डाच्या मागे लावू नये, सरळ भिंतीतील प्लगात लावावा. पुड्यावर तीनशे मीटरचे अंतर छापलेले असले तरी जुन्या वायरिंगवर तेवढी अपेक्षा धरू नये. घेण्यापूर्वी दुकानदाराकडून चालत नसल्यास परत घेण्याची कबुली घ्यावी. गोठ्यात चारा कापण्याचे यंत्र सुरू असताना वेग उतरला तर तो अडॅप्टरचा दोष समजू नये, यंत्र थांबताच तो पूर्ववत होतो.